नवा कार्बोरेटर

शनिवारी शिवणकारखाना दुपारीच सुटायचा. त्या शनिवारी ती घरी न जाता मोटरसायकल घेऊन थेट गॅरेजवर गेली. काम किरकोळ होतं, कार्बोरेटर नीट लावून घ्यायचा होता.

गॅरेजवाल्याला सगळे डॉक्टर म्हणायचे. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि दांडा स्वतःच्या कानाला लावून तो गाडीची छाती तपासायचा, म्हणून. पेशंटपेक्षा डॉक्टरच जास्त खोकतो, अशी त्याच्यावरची जुनी थट्टा होती. गाडीला काय होतंय, असं त्यानं विचारलं, तेव्हा तिला पटकन सांगता येईना. गाडीला काहीच होत नव्हतं. अर्ध्या किकमध्ये सुरू व्हायची, पेट्रोलही बेताचं खायची.

"आवाज बदलून द्या," ती शेवटी म्हणाली. "हा ह्यांचा आवाज आहे."

डॉक्टरला तो आवाज पाठ होता. तिचा नवरा त्याचं जुनं गिऱ्हाईक होता. ॲक्सिलरेटरची मूठ पिळली की इंजिन आधी आवंढा गिळायचं आणि मग एकदम खेकसायचं. हा खरं तर दोष, पण नवऱ्यानं तो कधी काढू दिला नाही. गल्लीच्या तोंडाशी एकदा आणि दाराशी गाडी बंद करण्याआधी दोनदा, असे झटके तो रोज द्यायचा. तेवढ्या वेळात घरानं शहाणं व्हायचं असे. टीव्ही बंद, सासूबाईंच्या हातात पाण्याचा पेला, आणि नऊ वर्षांची मुलगी पसारा उचलून आतल्या खोलीत. एखादी वस्तू राहिलीच, तर मग हात उठायचा. माणूस बाहेर फार गोड बोलायचा, हे आलंच.

मागच्या वर्षी छातीत कळ येऊन तो गेला. रडायचं तेवढं ती रडली, कारण बघायला माणसं होती. नंतर कारखान्यात जायला तिनं त्याचीच गाडी शिकून घेतली. वाटलं, आता मूठ आपल्या हातात आहे. पहिल्याच दिवशी ती संध्याकाळी घरी आली, तर मुलगी कपाटाच्या आणि भिंतीच्या फटीत अंग चोरून बसलेली. तेव्हापासून रोज तेच चाललं होतं. ती घरात शिरली की पोर पंधरा-वीस मिनिटं बोलायची नाही. "मला माहीत असतं तू आहेस," एकदा मुलगी म्हणाली होती, "पण आवाज आला की पाय आपोआप आत जातात." मेलेल्या माणसाच्या धाकात लेकीचं अख्खं बालपण सडणार, या विचारानं आईच्या जिवाची काहिली व्हायची. गाडी विकावी म्हटलं, तर कारखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला होता.

डॉक्टरनं कार्बोरेटर उतरवला, पेट्रोलमध्ये धुतला, जेटच्या केसाएवढ्या भोकांतून हवा मारली. पुन्हा चढवल्यावर त्यानं तिला गाडीवर बसवलं. त्याची ती रीतच होती. चालवणाऱ्याचा हात मुठीवर असल्याशिवाय तो स्क्रूला हात लावत नसे. दोन माणसं सारखी मूठ पिळत नाहीत, असं त्याचं म्हणणं. तो सांगेल तशी ती रेस द्यायची आणि तो कान देऊन हवेचा स्क्रू हळूहळू फिरवायचा. थोड्या वेळानं आवंढा गेला, खेकसणं गेलं. मूठ जेवढी पिळावी तेवढाच आवाज चढायला लागला. तिला हायसं वाटलं.

घरी पोचली तेव्हा सासूबाई पाण्याचा पेला घेऊन दारात उभ्या होत्या. मुलगी कपाटामागे.

रविवारी गाडी पुन्हा खेकसली, म्हणून सोमवारी ती परत गॅरेजवर गेली. रात्री कुणी स्क्रू फिरवतंय का, असं तिनं चाचरत विचारलं. मनात संशय सासूबाईंवर होता, पण म्हातारीला पेल्याचा काठ धड दिसत नव्हता. डॉक्टरनं गाडी पुन्हा लावून दिली आणि स्क्रूवर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली. स्क्रू जरा जरी हलला असता, तरी रेघ तुटली असती. दुसऱ्या दिवशी रेघ जशीच्या तशी होती, आणि मुलगी आदल्या संध्याकाळी कपाटामागेच सापडली होती. मग डॉक्टरनं आढेवेढे न घेता जुना कार्बोरेटर काढून भंगाराच्या डब्यात टाकला आणि कोरा करकरीत नवा बसवला.

नव्यानंही काही फरक पडला नाही.

शुक्रवारी डॉक्टर स्वतः गाडीवर बसला. त्यानं गल्लीत एक चक्कर मारली, दुसरी मारली. गाडी इतकी गुळगुळीत चालली होती, की ती ऐकतच राहिली. परत येऊन त्यानं इंजिन चालूच ठेवलं आणि तिला बसायला सांगितलं. तिनं मुठीवर हात ठेवला. इंजिननं आवंढा गिळला, आणि खेकसलं.

गॅरेजच्या पत्र्याखाली तो आवाज बराच वेळ घुमला. डॉक्टर इंजिनकडे बघतच नव्हता. तो तिच्या मनगटाकडे बघत होता.

"ताई… मूठ सोडा," तो हळूच म्हणाला.

"सोडलीय की."

"नाही सोडलेली…"

तिनं खाली पाहिलं. मनगट खाली दबलेलं होतं आणि अंगठ्याशेजारचं बोट मुठीवर ताठ उभं होतं. तिच्या नवऱ्याचं ते बोट तरुणपणी यंत्रात सापडून कायमचं ताठलं होतं, आणि तो मूठ अशीच धरायचा. तिनं बोट दुमडायचा प्रयत्न केला. ते दुमडेना. डाव्या हातानं जोर लावून दाबलं, तर कळ थेट खांद्यापर्यंत गेली. तेवढ्यात मनगटानं दोन झटके दिले. तिनं दिले नव्हते.

डॉक्टरनं हात पुढे करून चावी काढली. चावी त्यानं आपल्याच खिशात टाकली, आणि गाडी चार दिवस इथंच राहू दे, असं म्हणाला. तिच्याकडे मात्र त्यानं वर मान करून पाहिलं नाही. माणूस घाबरला की एवढा सभ्य होतो, याचं तिला कडू हसू आलं.

ती पायी घरी निघाली. रस्ताभर उजवा हात तिनं ओढणीत गुंडाळून पोटाशी धरला होता. एका अर्थी बरंच झालं, असं ती स्वतःला समजावत होती. आज गाडीच नाही, तर आवाज कुठून येणार? आज पोर दारात उभी असेल, कारखान्यातली गंमत विचारेल, आणि उद्यापासून दोन बस बदलाव्या लागल्या तरी चालेल. अजून उजेड होता. घराजवळ तिनं चपला काढून हातात घेतल्या आणि पावलांचाही आवाज होऊ दिला नाही.

दारात सासूबाई पेला घेऊन उभ्या होत्या. टीव्ही नुकताच बंद केलेला होता.

ती पेल्याला हात न लावता आत गेली. कपाटाच्या फटीत मुलगी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिनं सगळी पुस्तकं आवरून छातीशी धरली होती. आई तिच्यासमोर खाली बसली. खिडकीतून पुरेसा उजेड येत होता, आणि पोर डोळे उघडे ठेवून सरळ तिच्या तोंडाकडे बघत होती.

"अगं, मी आई आहे," ती शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाली. "चालत आले. गाडी नाही आणली."

मुलीनं मान खाली घातली.

"हो, बाबा," ती म्हणाली.