सारखे चौकोन

बादलला जिवंत घरी आणायचं, आमच्या मोहिमेचं कारण एवढंच होतं!

धावड्याचा डिंक काढायला तो किन्हीराजाच्या पूर्वेकडच्या डोंगरात एकटाच गेला होता. संध्याकाळी घळीत उतरताना एक धोंडा सुटला आणि त्याच्या पायावर येऊन बसला. बॅटरी संपता संपता त्याने मुलीला, रेणूला, फोन लावला आणि पडद्यावरचे अक्षांश-रेखांशाचे आकडे वाचून दाखवले. मग फोन बंद पडला. वनखात्याला ते आकडे कळवले, पण त्यांची माणसं दुसऱ्या टोकाला वणवा विझवत होती. उद्या दुपारी येतो म्हणाले. दुपारी! एप्रिलातल्या चव्वेचाळीसच्या उन्हात, पाण्याविना!

म्हणून उजाडायच्या आत आम्ही तिघं निघालो. बादलचा भाऊ लखमा, एकोणीस वर्षांची रेणू, आणि मी, जगदेव गुरुजी. एकतीस वर्षं भूगोल शिकवलेला, जगाच्या नकाशांचं खूळ असलेला माणूस. मोबाइलवर माझा भरवसा नाही, त्यामुळे गणिताच्या चौकटीच्या वहीत मी नकाशा काढून घेतला होता. चौकोनाची प्रत्येक बाजू एक मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग. आमच्या तांड्यापासून सरळ पूर्वेला सात मिनिटं रेखांश, म्हणजे तेरा किलोमीटर. काम कसं सुबक झालं होतं!

पहिल्याच चढावर मुरूम सुटला. रेणू घसरली! लखमाने वेणीला धरून तिला थांबवलं, पण मोबाइल खाली दगडावर गेला आणि फुटला. माझा फोन साधा बटनांचा, लखमाकडे तर तोही नाही.

"आता कसं?" रेणूने विचारलं.

"वही हाये ना! चाल," मी म्हणालो.

वर सपाट पठार लागलं. डाव्या हाताला खुरटं जंगल, उजव्या हाताला पठाराची कड, आणि त्या कडेला एकामागून एक घळी फाटत गेलेल्या. अंतर लखमा मोजत होता. हजार पावलं झाली की तो एका खिशातला खडा दुसऱ्या खिशात टाकायचा. डिंकवाले झाडांच्या जागा अशाच लक्षात ठेवतात. त्याची हजार पावलं म्हणजे सहाशे मीटर, हे मी मागेच सडकेवरच्या किलोमीटरच्या दगडांवरून ताडून घेतलं होतं.

रेणूचं मन भलतीकडे जाऊ नये म्हणून मी बोलत सुटलो. "संत्र्याची साल टेबलावर सपाट करून पाह्य, फाटतेच. पृथ्वीचं तसंच हाये. साडेचारशे वर्षांआधी मर्केटरनं खलाशांसाठी नकाशा काढला. दिशा अचूक, पण ग्रीनलंड फुगून आफ्रिकेएवढं झालं! दुसऱ्यानं क्षेत्रफळ सांभाळलं, तर देश लांबोडके झाले. कोणी समुद्रच फाडला. कोणी थोडंथोडं सगळंच बिघडवलं, तवा कुठं ते डोळ्याले बरं दिसलं."

"म्हंजे खरा एकबी नाही?" लखमा म्हणाला.

"एकबी नाही. कुठं खोटं बोलते, तेवढं माईत पाहिजे."

"मंग तुमचा कुठं बोलून राह्यला?"

"माह्या? एवढुशा तुकड्यात काय खोटं असन रे!" मी हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

विसावा खडा पडला, त्याच्या थोडं पुढे एक रुंद घळ लागली. लखमा थांबला. "गुरुजी, इथं उतरून पाहू. खाली धावडे हायेत."

"अजून आठशे मीटर."

"पण झाडं तं..."

"मंग मी नकाशा कायले काढला?" मी खेकसलोच. रेणूने कडेवरून एक हाक मारली, "बाबाऽ!" उत्तर आलं नाही. आम्ही पुढे गेलो.

पुढची घळ अरुंद आणि उभी होती. दोर बांधून उतरलो. अर्ध्यावर वरच्या कपारीतून घों घों आवाज आला.

"मोहोळ उठलं! पळा!" लखमा ओरडला.

काटे, दगड, कशाचं भान नाही! आम्ही करवंदीच्या जाळीत तोंड खुपसून पडलो. लखमाचा डोळा सुजून बंद झाला. पाण्याचा कॅन फुटला, रेणूच्या पाठीवरची एक बाटली तेवढी उरली. माश्या निवेपर्यंत तास गेला. मग सगळी घळ धुंडाळली. धावड्याचं एक झाड नव्हतं, बादल नव्हता.

मी वही उघडून पुन्हा चौकोन मोजले. रेणूने वही ओढून घेतली आणि चौकोनांवरून बोट फिरवलं.

"गुरुजी, हे चौकोन सारखेच काहून हायेत?"

अरे देवा! विषुववृत्तापासून वर सरकलं की रेखांश जवळ येतात, हे मीच या पोरीला शिकवलं होतं. आपण वीस अंशांवर. इथलं मिनिट आखूड. सात मिनिटं म्हणजे तेरा नव्हे, सव्वाबारा! एकोणीसशे वर्षांपूर्वी मरिनस नावाच्या नकाशाकाराने ऱ्होड्स बेटाच्या अक्षांशासाठी चौकोन आवळून आयत केले होते. आणि मी? वहीत छापलेले आयते चौकोन दिसले, तेच घेतले!

"मागचीच घळ व्हती," मी म्हणालो. "मी चुकलो."

लखमाने एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. "चला," एवढंच म्हणाला.

बादल तिथेच होता, धावड्यांच्या बुडाशी. ओठ काळे, डोळे अर्धवट उघडे. रेणूने ओढणीचं टोक भिजवून त्याच्या तोंडात पिळलं. एकदा. दोनदा. घसा हलला. जिवंत होता!

लाकडाची तरफ लावून आम्ही धोंडा उलथला. खालचा पाय पाहवेना.

"सकाळी तुहा आवाज आल्ता पोरी," तो पुटपुटला. "म्या हाक देली. वर पोचली नाही वाटते."

रेणूने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला तिथेच मरून जावंसं वाटलं.

तीनच्या सुमारास वनखात्याची माणसं आली आणि झोळीतून त्याला वर काढलं. अकोल्याला दवाखान्यात पाय मांडीपासून कापला. धोंडा तीन तास आधी निघाला असता तर गुडघा वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले.

आठव्या दिवशी मी खाटेशी बसून बादलला सगळं सांगितलं. घळीवरून पुढे गेलो ते, लखमाला खेकसलो ते, काहीच लपवलं नाही.

त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "चुकले तुमी. पण आले."

रेणूने मात्र माझ्याकडे पाहिलं नाही. पाय नव्हता तिथली चादर तिने हाताने सपाट केली आणि पाठमोरी म्हणाली, "बाबाले झोपू द्या, गुरुजी. तुमी जा आता."