गुलजारचाचांची सही

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी गुलजार नावाच्या म्हाताऱ्याने मीटिंग रूम दोनमध्ये आपल्या जबाबावर सही केली आणि तिच्याखाली साक्षीदार म्हणून तूबाने.

ऑफिस आखातात, बौशरला, चौथ्या मजल्यावर. शंभरावर वकिलांच्या त्या फर्ममध्ये तूबा दुसऱ्या वर्षाची अप्रेंटिस होती. रविवार ते बुधवार काम, गुरुवारी कॉलेज, आणखी दोन वर्षांनी लॉची डिग्री आणि तिथेच नोकरी. अब्बा अल मवालेहच्या मार्केटात भाजीच्या गाळ्यावर होते. घरातून वकिलाच्या ऑफिसची पायरी चढलेली ती पहिलीच. पहिल्या दिवशी तिच्याकडून एक नियम लिहून घेतला होता. आधी ओळखीचं कार्ड बघायचं, मग पेन कागदाला टेकताना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, मगच साक्षीदाराची सही करायची. न पाहता केलेली एकच सही, आणि अप्रेंटिसशिप खलास.

जबाब फरिदाच्या केसमधला होता. तिचा नवरा नुमान अकरा वर्षांपूर्वी सूर बंदरात एका लाकडी गलबतावर चढला. त्याच्यासकट आठ माणसं घेऊन गेलेलं ते गलबत परत आलंच नाही. नुमान कागदोपत्री अजून बेपत्ता होता. कोर्टाने त्याला मृत ठरवावं असा फरिदाचा अर्ज होता, आणि त्याला गलबतावर चढताना पाहिलेला माणूस एकच उरला होता. तो म्हणजे सूरला चाळीस वर्षं गलबतं बांधणारा सुतार गुलजार.

म्हातारा खुर्चीच्या कडेवर बसला होता. धुतलेला पांढरा शर्ट. बोटांच्या पेरांत लाकडाला चोपडायचं माशाचं तेल मुरलेलं. तूबा कार्ड मागणार तोच त्याने विचारलं, “तू कुठली गो?”

“हर्णैची. म्हणजे अब्बा हर्णैचे. मी इथलीच.”

“म्हणजे आपल्याच गावची. मग अशी अडखळत का बोलतेस? घरी काय बोलता?”

“अर्धं इंग्लिश, चाचा.”

“तुझ्या दादीने ऐकलं असतं तं कान पिळला असता.”

तूबाला हसू आलं. दादी खरोखरच कान पिळायची. कार्ड मागायचं राहून गेलं.

तिने जबाब सावकाश मराठीत समजावून सांगितला. तो डोळे मिटून ऐकत होता. शेवटी म्हणाला, “नुमानचं झालं. बाकीच्या सात जणांचं कोण लिवणार?”

“ही केस फक्त नुमानची आहे, चाचा.”

त्याने मान हलवली आणि दाबून, एकेक अक्षर काढत सही केली.

दुपारी तीन वाजता सूरहून त्याचा पुतण्या ओवेस याचा फोन आला. “मॅडमना सॉरी सांगा. आज चाचांना घेऊन मी येणार होतो. ते काल दुपारी गेले. मगरीबच्या नमाजाआधी दफन केलं. धावपळीत कळवायचं राहिलं.”

“काल?” तूबाने विचारलं.

“हां, काल. सोमवारी. का?”

मंगला मॅडम तिच्या सुपरवायझर. त्यांनी आवाज चढवला नाही. रिसेप्शनवरच्या झुबेरला विचारलं. सकाळपासून सूरचं कोणी आलं नव्हतं, रजिस्टरात नोंद नव्हती. मग कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मागवलं. त्यात तूबा मीटिंग रूम दोनमध्ये एकटी होती. रिकाम्या खुर्चीकडे बघून ती हसत होती. कागद फिरवून तिने समोर सरकवला, पेन पुढे धरलं. सहीच्या क्षणी कागद तिच्या खांद्याआड गेला होता.

सही फाइलमधल्या पासपोर्टच्या कॉपीशी तंतोतंत जुळली.

“कार्डाची कॉपी?”

“नाही घेतली.”

“का?”

“गावचे निघाले, मॅडम.”

मंगला मॅडमनी चष्मा काढला. “गावचं माणूस भेटलं की आपली अक्कल विमानात बसून गावी जाते. माझीसुद्धा.” मग म्हणाल्या, “सही होताना पाहिली नाही, चूक झाली, असं लिहून दे. वॉर्निंगवर भागेल. जबाब अर्थात रद्द.”

“आणि पाहिली असं लिहिलं तर?”

“तर प्रकरण कमिटीपुढे. आणि कमिटी हेच रेकॉर्डिंग बघणार.”

बुधवारी सकाळी तूबाने एकच ओळ लिहून दिली: पेन कागदाला टेकताना मी पाहिलं.

मंगला मॅडमनी ती दोनदा वाचली, खाली तारीख घातली आणि कागद फाइलला लावला. कमिटी रविवारी बारा वाजता बसणार होती.

रविवारी दहा चोवीसला तूबाच्या टेबलावरचा फोन वाजला. मीटिंग रूम दोनमधून होता. बोलत होता झुबेर.

“तुझे क्लायंट आलेत. आत बसवलेत.”

“मी कुणालाच बोलावलं नाही. नाव काय?”

“नुमान म्हणतो. सही बघणारी मुलगी कुठाय, विचारत होता.”



“झुबेर, तुला दिसतोय तो?”

“दिसतोय म्हणजे? आंधळा आहे का मी? समोर बसलाय.”

फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग आणखी एक.

“यल्ला, ये लवकर,” झुबेर म्हणाला. “आणि येताना दोन खुर्च्या आण. इथे सहाच आहेत, दोघं उभे आहेत.”