लेम्पीच्या नावापुढचा शेरा

सौनाची वाफ घेऊन झाली, सॉसेज संपले, आणि झोप तर कुणालाच नाही. मग ऐका. पण मध्ये हसायचं नाही. ज्याच्यावर हे गुदरलं त्या ओस्मोला मी वीस वर्षं ओळखतो. थापा मारणारा माणूस नव्हे तो. त्याला पत्त्यांतली लबाडीसुद्धा जमत नाही.

तेव्हा कुओपिओ शहरात आम्ही एकाच कंपनीत होतो. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मनगटावर बटण असतं ना, पडलं-झडलं की दाबायचं आणि नर्सला निरोप जातो, त्याचं सॉफ्टवेअर आम्ही करायचो. नवी आवृत्ती बुधवारी सकाळी सातला द्यायची होती. म्हणून नोव्हेंबरच्या बारा तारखेला, मंगळवारी रात्री, ओस्मो टेस्टवर नजर ठेवायला ऑफिसात एकटाच थांबला. थर्मासभर कॉफी होती, राईचा पाव होता. टेस्ट आपोआप चालतात, याने फक्त बघायचं.

तुम्हीही तेच काम करता, तेव्हा रीत ठाऊक आहे. प्रत्येक टेस्टआधी डेटाबेस पुसायचा आणि तीच ठरलेली बारा खोटी माणसं पुन्हा भरायची. आधीच्या टेस्टचा मागमूस राहता कामा नये. सातव्या नंबरवर होती लेम्पी, वय चौऱ्याऐंशी. ती स्वयंपाकघरात पडते, बटण दाबते, नर्स येते. पाटी पुसली. लेम्पी पुन्हा उभी. पुन्हा पडते. रात्रीत तीनशे वेळा.

दोन वाजून दहा मिनिटांनी एक टेस्ट नापास झाली. लेम्पीच्या नावापुढचा शेऱ्याचा रकाना रिकामा हवा होता. तो रिकामा नव्हता.

‘फरशी गार आहे.’

ओस्मोने शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या रीक्काला घरी फोन लावला.

“चेष्टा करतेस का माझी?”

“रात्री दोन वाजता? मला उठवून तूच माझी करतोयस! झोप जा, मेल्या.”

तिने फोन आपटला. ओस्मोने स्वतःच्या हाताने डेटाबेस पुसला, बारा माणसं भरली. टेस्ट सुरूसुद्धा केली नव्हती. शेरा उघडला.

‘पुन्हा?’

त्याने नेटवर्कची वायर उपटली. आता बाहेरून कुणी काही लिहू शकणार नव्हतं. पुसलं. भरलं.

‘नको रे...’

खोलीत पंख्याची घरघर तेवढी. ओस्मो खुर्चीतून उठला. पुन्हा बसला. ही यादी बनवली कुणी? कंपनीतल्या जुन्या एर्क्कीने. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. तीन वाजले होते. तरी ओस्मोने फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

“एर्क्की, माफ करा... ती लेम्पी कोण?”

“माझी आई,” एर्क्की म्हणाला. “स्वयंपाकघरात पडली. सकाळपर्यंत तशीच होती. मी दोन किलोमीटरवर झोपलो होतो. तेव्हा बटणं नव्हती. मग यादी करताना वाटलं, इथे तरी तिच्या हाकेला कुणी येऊ दे.”

“येतात की. दर वेळी येतात.” ओस्मो म्हणाला. “पण मग आपण तिला पुसतो. आणि परत पाडतो, एर्क्की. रात्रीत तीनशे वेळा.”

“काढ तिला.” आवाज ओळखू येत नव्हता. “सगळ्या जुन्या प्रतींतूनही काढ. एकही ठेवू नकोस.”

ओस्मोने वायर परत जोडली आणि काढलं. प्रत शोधायची, उघडायची, नाव पुसायचं. एकेक. सातव्या जागी नाव नाही, नुसता आकडा ठेवला. शेवटच्या प्रतीशी हात थांबला. कुणाची तरी आई होती ती. मग डोळे मिटून बटण दाबलं.

पुसलं. भरलं. शेरा रिकामा.

त्यानंतर एकही टेस्ट नापास झाली नाही. सात वाजता काम पोचतं झालं. बाहेर अजून काळोखच. ओस्मो कप विसळायला ऑफिसच्या स्वयंपाकघरात गेला. दिवा लावला.

फरशीवर, मधोमध, एक लोकरी मोजा पडला होता. राखाडी. घरी विणलेला. टाचेला लाल लोकरीने रफू केलेलं, वेडंवाकडं, पोरानं करावं तसं.

तो थेट एर्क्कीकडे गेला. मोजा नुसता पुढे केला. एर्क्कीने ती टाच अंगठ्याने चाचपली. खूप वेळ.

“हे रफू माझं,” तो म्हणाला. “नऊ वर्षांचा होतो. दुसरा कुठाय?”

“एकच होता.”

एर्क्की खाली बसला.

“दोन्ही घालूनच पुरलं होतं रे आम्ही तिला...”