आबांची गाडी

मोशीच्या पुढे, चाकणच्या रस्त्याला ‘गेनबा मोटर्स’ची काच सुरू होते ती संपता संपत नाही. निवृत्त हवालदार चिमाजींना त्या काचेच्या आत पाऊल टाकताच वीट आला. बाहेर ट्रकचा धूर आणि कंपनीच्या बसांची रांग, आणि आत भिंतीतल्या कसल्याशा डब्यातून मोगऱ्याचा फवारा सुटत होता. मोगऱ्यासारख्या मोगऱ्याचे असे हाल त्यांनी कधी पाहिले नव्हते.

“बाई, इथं लोक गाडी घ्यायला येतात की वऱ्हाडात?” त्यांनी विचारलं.

आम्रपाली ओव्हाळ नुसती हसली. काळेवाडीत औषधाच्या दुकानावर तिचं खासगी तपासाचं ऑफिस होतं. पोलिसातली नोकरी संपल्यापासून चिमाजी तिच्याबरोबर फिरत. डोकं तिचं; ओळखीपाळखी आणि चिडचिड त्यांची, अशी सरळ वाटणी होती.

मालक जयसिंगराव केबिनमध्ये वाट पाहत होते. दोन्ही गुडघे बदललेले, काठी टेबलाला टेकवलेली. मागे भिंतीवर त्यांच्या वडिलांचा, गेनबा आबांचा फोटो, त्याला चंदनाचा हार. शेजारी दुसरा फोटो: समोरून घेतलेली एक पांढरी गाडी, तिच्या नाकावर झेंडूच्या माळा, आणि बाजूला हात जोडून उभा एक गॉगलवाला.

“ह्या व्हॅलोरात खोट दाखवा,” जयसिंगरावांनी बाहेरच्या सेडानकडे बोट केलं. “महागडी आहे, पण त्या तोलाची आहेही. पुण्यात खपते, नाशकात खपते. इथंही आधी धडाधड जात होती. गेलं वर्षभर मात्र लोक येतात, चालवतात, खूश होतात, ‘घरी विचारून सांगतो’ म्हणतात आणि दुसऱ्या कंपनीची सेडान दारात उभी करतात.”

“तुमचा संशय कोणावर?”

“मैत्री. सेल्सची प्रमुख. कोण गिऱ्हाईक कधी येणार, हे तिलाच ठाऊक. धाकटा भाऊ म्हणतो, तीच नावं त्या दुसऱ्या कंपनीला पोचवते. काल सगळ्या स्टाफसमोर विचारलं मी तिला. तुम्ही पुरावा आणा, संध्याकाळी तिला पोलिसात देतो.”

पोलिसात एकदा नाव गेलं की ह्या धंद्यात त्या पोरीला कोणी दारात उभं करणार नाही, हे चिमाजींना सांगायला नको होतं. आम्रपाली मात्र भिंतीकडे बघत होती.

“हा गाडीचा फोटो?”

जयसिंगरावांचा आवाज मऊ झाला. “आबांच्या नावानं धाकट्यानं गावाकडं गाडी दिली, मागच्या वर्षी. तेव्हा माझं ऑपरेशन चाललेलं, आणि नंतर गावाकडं जाणंच झालं नाही. आजाऱ्यांची, म्हाताऱ्यांची सोय. आसपासच्या सगळ्या गावांत फिरते. कोणी भेटलं की हात जोडून सांगतं, आबांची गाडी लई उपयोगी पडती.”

तेवढ्यात तो धाकटा, स्वराज, आलाच. फोटोतला गॉगल आता डोक्यावर चढला होता. तो उतरला मात्र दुसऱ्याच कंपनीच्या सेडानमधून.

“कमरेचं दुखणं,” आम्रपालीची नजर ओळखून तो म्हणाला. “डॉक्टरनं हीच सांगितली.”

स्वतःच्या दुकानातली जिलबी न खाणारा हलवाई, असं चिमाजींच्या मनात आलं.

“दादाला सांगून थकलो मी,” स्वराज म्हणाला. “ही गाडी ह्या मातीतली नव्हे. एजन्सी सोड म्हटलं, तर ऐकत नाही. वर असल्या वस्तीतल्या पोरी प्रमुख करून ठेवल्यात. कुठून येतात, कोणाला विकल्या जातात, काय भरवसा?”

मैत्री काळेवाडीच्या वस्तीतली, आणि आम्रपालीही तिथलीच. तिच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. चिमाजींनी मात्र मनातल्या मनात एक शिवी हासडली.

मैत्री मागच्या अंगणात, वर्कशॉपपाशी भेटली. डोळे सुजलेले, पण मान ताठ.

“माझ्या वडिलांनी कंपनीत जन्मभर वेल्डिंग केलं,” ती म्हणाली. “आमच्या घरात चोर हा शब्द काल पहिल्यांदा आला, मॅडम. मी एकही नाव कोणाला दिलेलं नाही.”

शेजारी मेकॅनिक चहा पीत बसले होते. बसले होते ते चक्क व्हॅलोराच्या मागच्या सीटवर. मलईसारखं चामडं, कडेचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नव्हतं.

“ही सीट इथं कशी?” आम्रपालीनं विचारलं.

“गावाला दिली ना, त्या गाडीची. आमची डेमोची गाडी होती. स्वराजसरांनी सीट काढायला लावली, मागे सगळी मोकळी जागा पाहिजे म्हणाले. पुढचं काम बाहेर कुठेतरी झालं.”

“स्ट्रेचर बसवायला असेल,” चिमाजी म्हणाले. “आजारी माणूस आडवाच न्यावा लागतो.”

“आडवाच,” आम्रपाली म्हणाली आणि तिनं त्या सीटवर जरा बसून बघितलं.

नुकत्याच हातून गेलेल्या एका गिऱ्हाइकाकडे जायचं ठरलं. मैत्रीनं पांढरी व्हॅलोरा काढली. गाडी खरोखर झकास होती. खड्डे कुठे गेले कळत नव्हतं. चिमाजी पुढे बसले आणि चाकण ओलांडल्यावर त्यांची छाती फुगायला लागली. रसवंतीवाल्यानं चरक थांबवून हात जोडले. एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली. ज्या रस्त्यावर टेम्पोवाले बापाला वाट देत नाहीत, तिथं एकानं टेम्पो पार खाली उतरवला. चिमाजींनीही उलटे नमस्कार सुरू केले, मंत्री असल्यागत.

“मान म्हणतात तो हा,” ते म्हणाले. “गाडीला लोक हात जोडतात, राव.”

“ह्या बाजूला रोजच असं होतं,” मैत्री म्हणाली. “मागून कोणी हॉर्नसुद्धा वाजवत नाही. मला वाटतं, आबांचं नाव मोठं आहे म्हणून.”

आम्रपाली मागे वळून काचेतून बघत होती. “गाडी पुढे गेली की त्यांचे चेहरे बघा, काका. आधी हात जोडतात, मग आपल्या गाडीचा मागचा भाग बघतात आणि मग चिडल्यासारखे तोंड फिरवतात.”

चिमाजींनी बघितलं. गाडी पुढे गेल्यावर रसवंतीवाला थुंकला होता खरा. पण लोक थुंकतातच, त्यात काय शोधायचं?

गिऱ्हाईक होतं गवराबाईंच्या घरचं. त्यांच्या अंगणात दुसऱ्या कंपनीची सेडान उभी होती, अजून हारासकट. त्यांचा मुलगा धोंडीबा, कंपन्यांना माल पोचवणारा ट्रकमालक, पाणी घेऊन बाहेर आला. मैत्रीला बघून ओशाळला.

“ताई, तुमची गाडी एक नंबर हाय,” तो म्हणाला. “पण सीट खाली हाय. आईला उठता येत न्हाई.”

आम्रपालीनं अंगणातल्या गाडीचं दार उघडून सीटला हात लावून बघितला. तीही तेवढीच खाली होती. धोंडीबानं पाण्याचा तांब्या पुढे केला.

ओसरीवरून गवराबाई म्हणाल्या, “आबांच्या गाडीत बसायचंच हाय की एक दिवस. आत्ताच कशाला घाई?”

“आई, गप बस,” धोंडीबा दबक्या आवाजात म्हणाला. “नवी गाडी दारात हाय.”

“माझ्या आईला कोणी असं गप केलं असतं तर कानाखाली दिली असती,” परतताना चिमाजी फणफणले. “चार पैसे आले की आई जड. गाडी आवडली म्हणायचं, खोटी सबब सांगायची आणि बोलणाऱ्या म्हातारीलाच दाबायचं. शिसारी येते.”

“म्हातारी एकटीच खरं बोलली, काका,” आम्रपाली म्हणाली. “चला, पुरावा सापडला. मालकांना सांगू.”

मैत्रीनं आरशातून एकदा तिच्याकडे पाहिलं.

उन्हं कलता कलता सगळे केबिनमध्ये जमले. जयसिंगराव खुर्चीत, स्वराज खिडकीपाशी, मैत्री दाराजवळ उभी.

“जयसिंगराव, माझं एक काम करा,” आम्रपाली म्हणाली. “गवराबाईंना फोन लावा. एवढंच विचारा, की आबांची गाडी कोणत्या कामाला येते. आवाज सगळ्यांना ऐकू येऊ दे.”

“कशाला उगाच म्हातारीला त्रास?” स्वराज पुढे झाला. चिमाजी सहज म्हणून दोघांच्या मध्ये उभे राहिले. पोलिसात इतकं तरी शिकले होते.

जयसिंगरावांनी गोंधळून फोन लावला, प्रश्न विचारला.

“असं काय इचारतोस रं, जयसिंगा?” गवराबाई म्हणाल्या. “तुमचीच गाडी की. मसणात न्यायला. पुण्याचं काम केलंत बाबा तुमी. पावसाळ्यात मढ्याचे लई हाल व्हायचे.”

जयसिंगरावांच्या हातातला फोन टेबलावर सरकला. तो आम्रपालीनं बंद केला.

“वैकुंठरथ,” ती म्हणाली. “शव न्यायची गाडी. पण हा शब्द दारात कोणी उच्चारत नाही. म्हणून गावं म्हणतात, आबांची गाडी. तुमच्या शोरूमलाही आबांचंच नाव, म्हणून तुम्हाला वाटत राहिलं की लोक तुमचं कौतुक करतायत.”

“पण आजाऱ्यांसाठी...”

“मागची सीट काढली. आजारी माणूस आडवा न्यायचा म्हटला तरी त्याच्या उशाशी कोणीतरी बसतंच. इथं कोणालाच बसायला जागा ठेवली नाही. मागचं छत कापून काचेची पेटी बसवली असणार. तुमच्या भिंतीवरचा फोटो म्हणूनच समोरून आहे. आणि समोरून ती गाडी अगदी व्हॅलोरा आहे. रस्त्यावर लोक आम्हाला हात जोडत होते ते मढं चाललंय म्हणून. गाडी पुढे गेली की मागे पेटी नाही हे दिसायचं, मग नमस्कार वाया गेला म्हणून चिडायचे.”

चिमाजींना आपले मंत्र्यासारखे नमस्कार आठवले. मढ्याच्या जागी बसून आपण लोकांना आशीर्वाद देत होतो.

“मग मला एकानंही सांगू नये?” जयसिंगराव म्हणाले.

“कसं सांगणार? नवी गाडी घेताना असलं अभद्र कोणी तोंडातून काढत नाही, धोंडीबानं आईला त्यासाठीच गप केलं. त्यातून नाव तुमच्या वडिलांचं. मग सीट खाली आहे, घरी विचारतो, अशा सबबी निघतात. मैत्री काळेवाडीची, गावांच्या मयतीला ती कशाला जाईल? तिला कळायला मार्गच नव्हता. तुमचे गुडघे तुम्हाला गावाकडं जाऊ देत नव्हते. आणि विक्री पडली तीही बरोबर गाडी दान दिली त्या सुमाराला.”

स्वराज हसला. “दान केलं मी. दान करणं गुन्हा आहे का?”

“नाही,” आम्रपाली म्हणाली. “टेम्पो दिला असता तर स्वस्तात झालं असतं, सोयीचंही. सगळे तेच देतात. तुम्ही मुद्दाम भावाच्याच दुकानातली सेडान कापलीत, भावाला ती आजाऱ्यांसाठी आहे म्हणून सांगितलंत आणि स्वतः मात्र दुसऱ्या कंपनीच्या गाडीत बसता. कमर बरी आहे तुमची. ह्या गाडीत तुम्हालाही बसवत नाही. आणि भावानं कारण शोधू नये म्हणून एका पोरीला चोर ठरवलंत.”

चिमाजींनी जन्मभर खुनी पाहिले होते, दरोडेखोर पाहिले होते. त्यांच्याबरोबर ते चहाही प्यायले होते. पण बापाचं नाव आणि दहा गावांची मढी धंद्याला जुंपणाऱ्या ह्या माणसाबरोबर त्यांना एका खोलीत उभं राहवेना. आणि कायद्यात ह्याला एकही कलम नव्हतं, ते त्यांना सगळ्यात जास्त झोंबलं.

“आबांना गावानं खांद्यावरून नेलं होतं,” जयसिंगराव सावकाश म्हणाले. “चिखलातून. तूही खांदा दिला होतास, स्वराज.”

स्वराजनं खिडकीकडे तोंड फिरवलं.

जयसिंगराव काठी घेऊन उठले. “मैत्री, बाहेर चल.”

“सर, काल सगळ्यांसमोर म्हणाला होतात,” मैत्री म्हणाली. “आजही सगळ्यांसमोर म्हणा.”

म्हणाले. त्या मोगऱ्याच्या वासात, साऱ्या स्टाफपुढे, हात जोडून म्हणाले, की ह्या पोरीनं काही केलेलं नाही आणि मी तिचा अपराधी आहे. मैत्री खाली मान घालून रडली आणि मग म्हणाली, “गाडी चांगली आहे, सर. पुण्याच्या शोरूमला माझं नाव सांगा. मी विकून दाखवते.”

जयसिंगरावांनी मान हलवली. मग ते आम्रपालीकडे वळले. “ती गाडी परत आणू?”

“नका आणू. लोकांना लागते.”

“म्हणजे व्हॅलोरा इथं खपणार नाही. एजन्सी सोडावीच लागेल.” त्यांनी काचेला हात टेकवला. “सोडतो. पण जागा माझ्या नावावर आहे. आबांची गाडी उद्यापासून इथंच राहील. ह्याच काचेत, रस्त्याला तोंड करून. गावांना इथूनच जाईल.”

“दादा, वेडा झालास?” स्वराज ताडकन पुढे आला. “मढ्याची गाडी इथं ठेवलीस तर त्या दुसऱ्या कंपनीचे लोक मला इथं शोरूम...”

तो मध्येच थांबला. पण व्हायचं ते झालं होतं. हातात चहा घेतलेल्या मेकॅनिकपासून मैत्रीपर्यंत सगळे त्याच्याकडे बघत होते.

“बोल की,” जयसिंगराव म्हणाले. “ते लोक तुला काय?”

डोक्यावरचा गॉगल डोळ्यांवर घेऊन स्वराज आपल्या गाडीकडे गेला.

बाहेर मैत्रीनं पांढरी व्हॅलोरा आणून उभी केली. “काका, सांगवीला घरापर्यंत सोडते. या.”

चिमाजींनी दाराला हात लावला आणि काढून घेतला.

“नको, पोरी,” ते म्हणाले. “तुझ्यावर राग नाही. मी आपला बसनं जातो.”