एका माणसाचा आलेख

पोरांनो, उद्या साहेबांपुढे आकडे मांडायचेत ना? मग ऐका. विश्वास मात्र बसणार नाही तुमचा. माझ्या सख्ख्या बायकोचाही बसला नाही. पण सातपूरच्या या कंपनीच्या गेटासमोर मी, नाथाकाका, इतकी वर्षं चहा उकळतोय, की सूर्याला चुकून पश्चिमेला उगवतानाही बघितलंय.

डिसेंबरची सकाळ होती. धुकं एवढं दाट, की मी ते गाळणीने बाजूला सारून चहा ओतत होतो. डोंगरातल्या पेठकडून कामगार आणणारी कंपनीची बस उशिरा आली. तिच्यातून उडी टाकून पळत सुटलेला मशीनवरचा धनराज थेट ऑफिसातल्या मोहिनीवर आदळला. तिच्या हातातला कागद खाली पडला. त्याने उचलून तो उलटासुलटा केला.

“मॅडम, हा आमचा सावळ घाट का?”

“बाद मालाचा आलेख आहे तो.”

“म्हणजे घाटच. आमची गाडी उशिरा येते ना, त्या दिवशी चढतो.”

तिने हसू दाबलं... पण उशिरा दाबलं. त्याने बघितलं होतं.

आणि पोरगा खरं तेच बोलला होता. उशीर झाला की ही डोंगराकडची माणसं उपाशीपोटी मशीनशी उभी राहायची, हात चुकायचा, माल बाद व्हायचा. एरवी त्यांच्याइतकं सुबक काम कुणाचं नव्हतं. साहेबांना मात्र बस म्हणजे नुसता खर्च. ती बंद करायचं घाटत होतं. मोहिनीने बैठकीत आकडे दाखवले, पुन्हा दाखवले. साहेब मोबाईल बघत बसले.

मग माझ्या बाकावर दोघांची शिकवणी सुरू झाली. तो म्हणायचा, आकड्याला थंडी वाजत नाय मॅडम, माणूस दाखवा. ती विचारायची, कुठला? तो मान खाली घालून चहावर फुंकर मारायचा, आणि ती त्याच्या पापण्यांवरचे धुक्याचे थेंब बघत राहायची. चहा गार व्हायचा. मी तो परत गरम करायचो — स्टोव्ह न पेटवता, नुसता त्या दोघांच्या मधे ठेवून.

पुढच्या बैठकीत तिने पडद्यावर एकच फोटो लावला. धनराजचा. आणि त्याची गोष्ट सांगितली: अंधारात उठणारा, आईने थापलेली नागलीची भाकरी बांधून घेणारा, घाटात गाडी अडली की खाली उतरून ढकलणारा, आणि भाकरीचं फडकं न सोडताच कामाला लागणारा. आलेख तिने शेवटी दाखवला. मोठ्या साहेबांनी असे डोळे पुसले, असे पुसले, की गोदेला पाणी चढलं आणि रामकुंडावर लोकांनी चपला हातात घेतल्या.

दुसऱ्या दिवशी निर्णय आला. धनराजला सातपुरात कंपनीची खोली. बस बंद.

त्याने खोली घेतली नाही. शेवटच्या गाडीपाशी मोहिनी त्याला विनवत राहिली. तो म्हणाला, बाकीचे सगळे द्राक्षाच्या मजुरीला चाललेत, इथं एकट्याच्या घशाखाली घास उतरंल का?

“गोष्ट लय चांगली सांगितली मॅडम,” तो म्हणाला. “फक्त त्यांना मी एकटाच दिसलो.”

“मलाही...” ती थांबली. “मलाही तूच दिसत होतास, धनराज.”

तो पायरीवर चढला. ड्रायव्हरने हॉर्न दिला. गाडीची काच धुक्याने भरत होती; धनराज ती आतून तळहाताने पुसत राहिला — पार वळणापर्यंत.

तोंडं नका पाडू, पोरांनो. पुढे तर ऐका. आठवडा झाला नाही तोच मोहिनीने राजीनामा टाकला, पेठची एसटी धरली आणि थेट त्याच्या अंगणात जाऊन उभी राहिली. त्याच्या आईने भाकरीच्या पिठाच्या हातानेच तिला जवळ घेतलं. आणि वरात? वरातीला चढण नको म्हणून सावळ घाट स्वतः खाली वाकला! आजही ती दोघं तिथं —

“नाथाकाका.”

मागच्या बाकावरच्या बाईंनी ग्लास खाली ठेवला. कानामागचे केस पिकलेले, गळ्यात याच कंपनीचं ओळखपत्र. मोहिनीच ती. पोरांच्या माना वळल्या.

“मी गेलेच नाही, काका.”