उलट्या पावलांचा मास्तर

खोटं वाटत असेल तर वाटूरला जाऊन विचारा. मी पदरचा एक शब्द घातलेला नाही.

१९९७ सालचा मे महिना. वेळ भर दुपारची, साडेबारा. रात्रीबित्रीची गोष्ट नाही ही!

आमचे थोरले मामा तातेराव मंठ्याचे बँडमास्तर. बावीस वर्षं अकरा माणसं त्यांच्या काठीच्या इशाऱ्यावर वाजवायची. वाजवत निघालं की मास्तर उलटा चालतो. तोंड बँडकडे, पाठ रस्त्याकडे. म्हणून मामांच्या पाठीमागचा रस्ता साईड ड्रमवाला कचरू बघायचा. खड्डा आला, गाडी आली, की ड्रमच्या कडेवर दोनदा काडी मारायचा.

टक टक. म्हणजे थांबा.

आणि बँडच्या मागून काय येतंय, ते एकट्या मामांना दिसायचं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत, अशाच दुपारी साडेबाराला, बँड वाटूरच्या एका लग्नात नवरदेवाला आणायला निघाला होता. वाटूर फाट्याजवळ मागून निळा ट्रक आला. कचरू कडेला होता...

जागीच गेला.

"धुळीत दिसलंच न्हाई मला," मामांनी सगळ्यांना सांगितलं.

धूळ नव्हती हो! अंतरा आला की मामांचे डोळे आपोआप मिटायचे. त्या दिवशीही मिटले होते. हे बाहेर पडलं असतं तर एकही माणूस त्यांच्या काठीमागं चालला नसता. आणि मामांना दुसरं काय येत होतं? काहीच नाही.

मे महिन्यात पुन्हा वाटूरचंच लग्न आलं. पुन्हा तोच रस्ता. कचरूच्या जागी साहेबराव.

फाटा जवळ आला...

टक टक.

मामा जागच्या जागी थांबले. वळून पाहिलं. रस्ता मोकळा.

"साहेबराव, कशाला वाजवलं?"

"म्या? म्या तर घाम पुसून राह्यलो, मास्तर."

बँड पुन्हा सुरू झाला. अंतरा आला. मामांनी डोळे ताणून उघडे धरले...

टक टक.

"कचरू, आज नको रे," मामा पुटपुटले. "पाया पडतो तुह्या."

आणि त्यांना दिसलं...

अकरा नाही. बारा माणसं होती.

कडेला कचरू. त्याच्या मागं तोच निळा ट्रक. आवाज नाही, हॉर्न नाही.

मामांनी काठी उंच केली. थांबा!

कुणी थांबेना.

अकराच्या अकरा जणांचे डोळे मिटलेले होते. वाजवत होते, चालत होते. काठीकडे बघायला एक माणूस नव्हता.

"थांबा रे! डोळे उघडा! मरताल सगळे!"

मामा रांगेत घुसले. साहेबरावची कॉलर धरून त्याला रस्त्याखाली ओढलं. दोघं धाडकन आपटले. गाणं तुटलं.

ट्रक नव्हता. चाकाची खूणही नव्हती.

"मास्तर..." साहेबराव उठून बसला. "आम्ही तुमच्याकडंच बघून राह्यल्तो. डोळे तर तुमचे मिटले व्हते."

झालं! मामा रस्त्यातच बसले आणि सगळं बोलून गेले. धूळ नव्हती, ते खोटं बोलले होते, सगळं. अकरा जणांनी ऐकून घेतलं. आपापलं वाद्य उचललं आणि निघून गेले. बावीस वर्षांचा बँड तिथंच संपला.

मामा तसेच मंठ्याला कचरूच्या घरी गेले. त्याच्या बायकोच्या, सोनूबाईंच्या पायावर डोकं ठेवलं.

"वहिनी, डोळे मिटले व्हते माझे. माझ्यामुळं गेला तो."

सोनूबाईंनी त्यांना उठवलं.

"ठाऊक हाय मला, भाऊजी."

"कुणी सांगितलं?"

"त्यायनीच. त्या दिवशी एकच्या सुमाराला घरी आल्ते. तांब्याभर पाणी प्यायले. 'मास्तरचे डोळे मिटले व्हते' म्हणले, अन् लगेच निघाले. म्या म्हणलं, जेवून तर जा. तर म्हणले... नवरदेव आणायचा राह्यलाय."

सोनूबाईंना मी स्वतः दोनदा विचारलंय. एक शब्द इकडचा तिकडे होत नाही.

परवा लेकीच्या लग्नासाठी बँड सांगायचा विषय निघाला. मी काहीतरी कारण काढून टाळला. घरचे चिडले माझ्यावर. चिडू द्या.