कंट्रोलची काच

दादाने लघवीची बाटली चक्क माझ्या जेवणाच्या डब्याला टेकवून ठेवली. पिशवीत गुंडाळलेली, झाकण सैल.

"हे कुठे द्यायचं ते तूच बघ गं. तुमच्या लॅबच्या त्या खिडकीवर उभं राहायला मला नाही जमत."

पन्नाशी उलटली तरी याचं सगळं असंच. लहानपणी त्याचा गृहपाठ, मग बँकेची कामं, मग आईचं आजारपण. त्याने नुसतं तोंड वाकडं करायचं आणि मी कपाळावर हात मारून "आण इकडे" म्हणायचं. बाटलीच्या वेळीही मी तेच म्हणाले.

माझं कामच मूत्राशयाचा कर्करोग तपासण्याचं. लघवीतल्या पेशी काचेवर पसरायच्या, त्यांच्या गुणसूत्रांना चमकणारे रंग लावायचे आणि अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली ठिपके मोजत बसायचं. निरोगी पेशीत प्रत्येक रंगाचे दोन ठिपके. बिघडलेल्या पेशीत तीन, चार, कितीही. तुलनेसाठी सोबत एक कंट्रोलची काच लागते, निरोगी माणसाची. तो निरोगी माणूस म्हणजे गेली कित्येक वर्षं मीच. दुसरं कोण फुकटात बाटली भरून देणार?

दादाची काच वाईट निघाली. एक पेशी तर डोळ्यासमोरून जाईना: उंदराने कडा कुरतडल्यासारखी, आणि आत लाल ठिपके पाच. बाकीच्यांचीही तीच गत. सर्जनने आधीच बजावलं होतं, दादाचा रोग परतला असेल तर या खेपेला मूत्राशयच काढावं लागेल. मला दादाचा राग आला, त्याच्या सिगारेटींचा आला, आणि मग रडूच आलं. कंट्रोलची काच तेवढी स्वच्छ होती.

आमच्याकडे प्रत्येक काच दोघींनी वाचायची असते. दुसरी वाचणारी म्हणजे आमची 'सासूबाई'. दहादा तपासूनही जिचं समाधान होत नाही अशी सहकारी. दादाची काच वाचून ती खोलीतून बाहेर आली.

"नॉर्मल आहे की गं. कुठे लक्ष होतं तुझं?"

"ती कुरतडलेली पेशी नाही दिसली?"

"दिसली. पण ती कंट्रोलवर आहे. काचांची अदलाबदल केलीस वाटतं."

माझं डोकंच फिरलं. काचांवरचे नंबर मी हिऱ्याच्या टोकाने कोरते. ते पुसले जात नाहीत. तरातरा आत जाऊन बघितलं. दादाच्या काचेवर सगळीकडे दोन-दोन ठिपके, शहाण्या मुलांसारखे. कंट्रोलवर, खाली डाव्या कोपऱ्यात, ती कुरतडलेली पेशी. लाल ठिपके पाच.

दोन्ही नळ्यांत उरलेल्या पेशींच्या नव्या काचा केल्या. नंबर सासूबाईंनीच कोरले, मला हातही लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी दोघींनी मोजलं.

दादा स्वच्छ. कंट्रोल वाईट.

"ही कंट्रोलची नळी कुणाची गं?" तिने विचारलं. मग तिचं तिलाच आठवलं आणि ती उगाचच चष्मा पुसत बसली.

"जुनी झाली असेल," ती शेवटी म्हणाली. "ताजं देऊन बघ एकदा."

ताजं दिलं. बाटलीतला रंग गुलाबी होता, रक्त मिसळल्यासारखा.

संध्याकाळी दादाचा फोन आला. रिपोर्ट त्याला कळला होता. आवाज नुसता उड्या मारत होता.

"तुझ्याकडे दिलं की माझ्यामागचं सगळं जातं बघ! बरं, ऐक ना. परवापासून छातीत कळ येतेय. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढून दिलीय. मला त्यातलं काय कळतंय? घेऊन येऊ का तुझ्याकडे?"

मी ओठ घट्ट मिटून घेतले. वरून तोंडावर हातही दाबून धरला.

"आण इकडे," फोनमध्ये माझाच आवाज आला, नेहमीसारखा वैतागलेला.

"सुटलो बाई," दादा म्हणाला.